शेजारचा मतदारसंघ

एकाच पक्षात दोन जिवलग मित्र असले आणि दोघांचा डोळा एकाच मतदारसंघावर असला, तर त्या मैत्रीची मुदत निवडणूक आयोगानं आधीच ठरवून ठेवलेली असते. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारचे तीन. त्याच्या आत पक्षाचे 'ए' आणि 'बी' फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पडले पाहिजेत, तेही शाईच्या सहीचे. झेरॉक्स चालत नाही, शिक्का मारलेली सही चालत नाही. आणि बी फॉर्मवर पक्षाचा उमेदवार म्हणून नाव एकाचंच. खाली पर्यायी उमेदवाराचा रकाना असतो, तिथे बहुतेक वेळा घरातलंच कुणी तरी असतं. पहिल्याचा अर्ज छाननीत पास झाला की पर्यायी नावाला अर्थ उरत नाही.

ज्याला बी फॉर्म मिळाला त्याला एक सूचक, म्हणजे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. ज्याला मिळाला नाही आणि तरीही लढायचंय, त्याला त्याच मतदारसंघातले दहा सूचक आणावे लागतात. अनामत दोघांना सारखीच, विधानसभेला १० हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. पण पैशापेक्षा ते दहा जण महाग पडतात, कारण ते येतात कुठून? दोघांच्या सामाईक माणसांतून. वीस वर्षं ज्यांनी दोघांच्याही जीपमधून प्रचार केला, त्यांना तहसील कचेरीच्या आवारात उभ्या उभ्या ठरवावं लागतं की सही कुणाच्या कागदावर करायची.

मग छाननी, आणि माघारीची मुदत. पुन्हा दुपारचे तीन. मधल्या दिवसांत पुढारी समजूत काढायला येतात, विधान परिषदेचा शब्द देतात, महामंडळाचा देतात. इकडे बंडखोर मित्राचा फोन बंद. तीन वाजले, माघारीचा अर्ज आला नाही, की मैत्री संपली. पुढे लग्नाकार्यात दोघं एकमेकांना भेटतात, हात मिळवतात, फोटोही काढतात, पण त्या फोटोत दोघंही कॅमेऱ्याकडेच बघत असतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मराठवाड्यातली एक मैत्री, जी या गणिताच्या बाहेर राहिली. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे. एक काँग्रेसचे, एक जनसंघ-भाजपचे. लातूर-बीडकडच्या माणसाला या दोघांबद्दल विचारलं तर तो आधी त्यांच्या मैत्रीबद्दल बोलतो, पक्षाबद्दल नंतर. आणि बहुतेक जण कौतुकानं म्हणतात, वेगळ्या पक्षात असूनही मैत्री टिकली. ते 'असूनही' चुकीचं आहे. वेगळ्या पक्षात होते म्हणून टिकली. एकमेकांकडे तिकीट मागायची वेळच कधी आली नाही.

विलासराव २६ मे १९४५ चे, लातूरजवळच्या बाभळगावचे. गावात देशमुखी, घरात जमीन, पुण्यात शिकून वकील झालेले. सत्तरच्या दशकात गावचे सरपंच झाले, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढले. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. मुंडे १२ डिसेंबर १९४९ चे, परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे. घर वंजारी, बेताच्या परिस्थितीतलं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात शिकले, आणीबाणीत तुरुंगात गेले. दोघंही १९८० साली पहिल्यांदा आमदार झाले. विलासराव लातूरमधून, मुंडे रेणापूरमधून.

नकाशा नीट बघितला पाहिजे. रेणापूर लातूर शहरापासून वीसेक किलोमीटर. गाव लातूर जिल्ह्यात, पण त्या नावाचा मतदारसंघ पसरलेला बीडच्या बाजूला. म्हणजे दोघांचे मतदारसंघ बांधाला बांध लागून. शेजाऱ्याचं आणि आपलं भांडण बहुतेक बांधावरूनच होतं हे कोणीही शेतकरी सांगेल. इथं मात्र बांध ठरलेला होता आणि तो निवडणूक आयोगानं घातलेला होता. याच्या शेतात त्याला नांगर घालायचा नव्हता, त्याच्या शेतात याला नव्हता. शिवाय एकाच बाजाराचं गाव, तीच सोयरीक, तेच दवाखाने. रेणापूरचा माणूस खरेदीला लातूरला, परळीचा पेशंट अंबाजोगाईला नाही तर लातूरला. एकाच्या मतदाराचं काम दुसऱ्याच्या गावात अडकलेलं, हे रोजचंच.

मुंड्यांची दुसरी जुनी मैत्री याच तराजूत घालून बघता येते. प्रमोद महाजन. अंबाजोगाईच्या त्याच कॉलेजातला दोस्त, पुढे मुंड्यांचा मेहुणा. पक्ष एक, जिल्हा एक, वय एक. म्हणजे वर सांगितलेलं भांडण व्हायला सगळं साहित्य तयार. झालं नाही, कारण वाटणी झाली: महाजन दिल्ली बघणार, मुंडे महाराष्ट्र. महाजन बरीच वर्षं राज्यसभेवर होते. बीड-लातूरच्या विधानसभेच्या जागेकडे त्यांनी बघितलंच नाही. ३ मे २००६ ला महाजन गेले आणि त्यानंतर पक्षात मुंड्यांची दिल्लीकडची बाजू उघडी पडली. वाटणीतली मैत्री अशीच असते, एक गेला की दुसऱ्याचं अर्धं राजकारण जातं.

आता ऊस. या दोघांच्या नात्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मला विधानसभेत दिसत नाही, फडात दिसते. विलासराव सहकारी कारखानदार. लातूरजवळ चिंचोलीराववाडीला मांजरा कारखाना त्यांनी उभा केला, त्या वस्तीला आज विलासनगर म्हणतात. मुंडे ऊसतोड मजुरांचे पुढारी. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, केज, शिरूर, परळी या भागातली माणसं दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याला परततात. हिशेब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा बुडख्याला ऊस तोडतो, शेंड्याचं वाढं उडवतो; बायको पाचट सोलून मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीशी नेते. एका कोयत्याची तोड दिवसाला दीड ते दोन टन. मजुरीचा दर टनावर, आणि ऊस बैलगाडीनं जातो की ट्रॅक्टरनं, यावर तो बदलतो.

पैसा उलटा फिरतो. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, घरावरच्या पत्र्यात संपते. मग सहा महिने ती फेडायची. एखाद्या दिवशी अंग दुखलं म्हणून कोयता उभा राहिला की खाडा धरतात, आणि खाडा म्हणजे नुसती मजुरी बुडत नाही, वर दंडही बसतो. हंगाम संपताना उचल फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं. मुकादमाचं कमिशन वेगळं. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, मजुराशी नाही. हेच संघटनेचं कायमचं दुखणं.

म्हणजे टेबलाच्या एका बाजूला साखर संघ, कारखाने, आणि तिकडे विलासरावांसारखी माणसं. दुसऱ्या बाजूला कोयता बंद करून बसलेले मजूर आणि त्यांचे पुढारी मुंडे. दर वाढवायचा तर टनामागे किती, हा प्रश्न अखेर लवादाकडे जायचा. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद गाजला तो त्याच काळात. दोघंही एकमेकांच्या विरोधातले, आणि दोघांच्या सहीशिवाय धुराडं पेटत नसे. पुढे मुंड्यांनी परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ कारखाना काढला, म्हणजे तेही टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. कारखानदार झालेल्या मजूरपुढाऱ्याची अडचण सांगायला नको. विलासरावांना ती न सांगता कळत असणार.

पाण्याचंही तसंच. मांजरा धरण धनेगावला, केज तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात. पाणी पिणार लातूर, कळंब, केज, अंबाजोगाई. जमीन बुडाली एकाची, तहान भागली दुसऱ्याची. वर ऊस तेच पाणी ओढतो. हे धरण कोरडं पडल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते बघायला दोघंही नव्हते. असते तर एकमेकांच्या कारखान्यांवर बोट ठेवलं असतं का, हा प्रश्न गावाकडच्या पारावर अजून निघतो.

विधिमंडळात मात्र मैत्रीला वेगळी कसरत लागते. मुंडे १९९१ च्या अखेरीला विरोधी पक्षनेते झाले, विलासराव तेव्हा सत्तेतल्या बाकावरचे. विरोधी पक्षनेत्याकडे हत्यारं ठरलेली. स्थगन प्रस्ताव, लक्षवेधी, नियम २९३ ची चर्चा, अधिवेशनाच्या शेवटी अंतिम आठवडा प्रस्ताव. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी खात्यावर जाऊन पडते. मित्राच्या खात्यावर पडली तर काय करायचं? नवखे दोन चुका करतात. एक तर मित्राला आधी सांगतात आणि धार घालवतात. पत्रकार गॅलरीला ती दोन मिनिटांत कळते, कारण मंत्र्याचं उत्तर प्रश्नाआधी तयार असलेलं दिसतं. नाही तर आपण निर्मळ आहोत हे दाखवायला मित्रावर गरजेपेक्षा जास्त तुटून पडतात, आणि ते नाटकी वाटतं. सांभाळणारे वेगळं करतात. कागदावर बोलतात, माणसावर बोलत नाहीत. आकडा, शासन निर्णयाचा दिनांक, कुठल्या गावात काय झालं, एवढंच. माणसावर बोलायचंच झालं तर विनोद करतात. या दोघांची विनोदाची जात एक होती, सभा हसवून जिंकायची. एकमेकांवर केलेले टोमणे दोघांनाही लागत नसत, आणि व्यासपीठावर एक बोलायला उठला की लोक दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत.

अशा मैत्रीवर कुजबूज ही येतेच. साटंलोटं आहे, तू माझ्याकडे दुबळा उमेदवार दे, मी तुझ्याकडे देतो. कार्यकर्ता ज्याच्यासाठी गावात वैर घेतो, तो पुढारी रात्री समोरच्याबरोबर जेवतो हे कळल्यावर त्याला दुसरं काय वाटणार? त्याची तक्रार खोटी नाही. पण निकालाचे कागद या दोघांच्या बाबतीत थोडं वेगळं सांगतात. १९८५ ला मुंडे रेणापुरात पडले. १९९५ ला विलासराव लातुरात जनता दलाच्या उमेदवाराकडून सुमारे ३५ हजारांनी पडले, आणि ज्या लाटेत ते पडले त्याच लाटेवर मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मैत्रीनं दोघांनाही पडताना वाचवलं नाही. ते तिच्या हातात नव्हतंच.

पडलेल्या पुढाऱ्याचं काय होतं हे बघण्यासारखं असतं. आधी गाड्या कमी होतात. वाड्यासमोर सकाळी चपलांचा ढीग असायचा, तो आठ दिवसांत विरळ होतो. बदलीची कामं घेऊन येणारे थांबतात, लग्नपत्रिका मात्र येत राहतात. फोन येतात ते मिस्ड कॉलच्या हिशेबानं, म्हणजे उचलला तर बरं, नाही उचलला तर आणखी बरं. त्या दिवसांत सत्तेतला विरोधी पक्षाचा मित्र घरी आला तर त्याला काही मिळवायचं नसतं, हे सगळ्यांना दिसतं. आपल्याच पक्षाचा मित्र आला तर लोक विचारतात, जागा बघायला आला का?

विलासरावांची सगळ्यात वाईट वेळ १९९६ ची. विधान परिषदेच्या निवडणुकीत ते पक्षाबाहेरून उभे राहिले आणि अर्ध्या मतानं पडले. अर्धं मत म्हणजे काय, हे आजही पुष्कळांना कोडं वाटतं, म्हणून जरा हिशेब मांडतो. आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे पसंतीक्रम लिहितात, १, २, ३ असे. मोजताना प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. समजा २८८ वैध मतं आहेत आणि ११ जागा. २८,८०० ला १२ नं भागा, म्हणजे जागा अधिक एक, येतात २,४००. त्यात एक मिळवा. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारे गुण, २,४०१. म्हणजे २४ आमदारांची पहिली पसंती असून माणूस एका गुणानं बाहेर राहू शकतो.

आता एखाद्याला २६ जणांनी पहिली पसंती दिली. त्याचे झाले २,६००, कोट्यापेक्षा १९९ जास्त. ते १९९ त्याच्या २६ मतपत्रिकांवर वाटायचे. भागाकार ७ पूर्णांक काहीतरी, अपूर्णांक सोडून द्यायचा, राहिले ७. आता त्या २६ पैकी ज्यांनी दुसरी पसंती तुम्हाला दिलीय, त्यांची प्रत्येकी किंमत १०० नाही, ७ आहे. असे सात आमदार मिळाले की तुमच्या खात्यात ४९ येतात, जवळजवळ अर्धं मत. सात आमदारांनी तुमची आठवण ठेवली तर अर्धं मत! हा हिशेब नमुन्याचा आहे, त्या निवडणुकीचा नाही. पण अर्ध्या मतानं पडणं म्हणजे काय, ते यावरून कळतं. आणि मतदान गुप्त, तेव्हा कुणाची दुसरी पसंती कुणाकडे गेली हे कायमचं पेटीत. परिषदेच्या निवडणुकीनंतर मित्रांमध्ये संशय मुरतो तो यामुळेच. विधानसभेत पडलेल्या माणसाला गावं माहीत असतात, बूथ माहीत असतात. इथे अडीचशे-पावणेतीनशे माणसं, सगळ्यांना नावानं ओळखतो, सगळे हसून बोललेले, आणि त्यातल्या कुणी तरी हात आखडता घेतला.

तीन वर्षांत चाक पूर्ण फिरलं. १९९९ च्या निकालात शिवसेना ६९, भाजप ५६, काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. बहुमताला १४५. युतीचे १२५, दोन काँग्रेसचे मिळून १३३, आणि त्या दोन काँग्रेस नुकत्याच फाटलेल्या. युतीत मुख्यमंत्रिपदावरून ताणाताण सुरू झाली, भाजपच्या बाजूनं नाव होतं मुंड्यांचं. दिवस गेले, जुळलं नाही. तिकडे दोन काँग्रेसनी अपक्ष आणि लहान पक्ष गोळा केले आणि १८ ऑक्टोबरला विलासरावांनी शपथ घेतली. ज्या खुर्चीपासून मुंडे हातभर अंतरावर होते त्या खुर्चीत शेजारच्या मतदारसंघातला दोस्त जाऊन बसला. लातूरहून विलासराव त्या वेळी सुमारे ९१ हजारांनी निवडून आले होते. साडेचार वर्षांपूर्वी ज्या गावानं पाडलं त्याच गावानं.

इथं मैत्री तुटायला हवी होती, आणि पक्ष एक असता तर नक्की तुटली असती. स्वतःच्या पक्षातला माणूस मुख्यमंत्री झाला तर माझी जागा त्यानं घेतली. विरोधी पक्षाचा झाला तर आमचा पक्ष हरला, त्यात मित्राचा काय दोष? मनाला असा एक दरवाजा लागतो, दुःख त्यातून बाहेर काढायला.

म्हणून काही कुणी सोडलं असं नाही. जून २००२ मध्ये विलासरावांचं सरकार पाडायला युतीनं पूर्ण जोर लावला. काँग्रेसचे आमदार बंगळूरजवळच्या रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवले होते. या प्रकारातही शिस्त असते: फोन काढून घ्यायचे, खोलीत दोघं दोघं ठेवायचे आणि दोघं एका गटाचे नकोत, बसमध्ये मोजणी चढताना आणि उतरताना. १३ जूनला विश्वासदर्शक ठराव मांडला गेला. १४३ विरुद्ध १३३. दहा मतांनी विलासराव तरले. समोरच्या बाकावर मुंडे होते. त्या काळातही दोघांचं बोलणं बंद झालं नाही, हे लातूर-परळीला कुणीही सांगतं. त्याचं आश्चर्य तिथे कुणाला वाटत नाही, मुंबईत वाटतं.

पुढचं लवकर सांगता येतं. विलासराव जानेवारी २००३ मध्ये पायउतार झाले, २००४ च्या नोव्हेंबरात परत आले, २००८ च्या डिसेंबरात मुंबईवरच्या हल्ल्यानंतर गेले. मग दोघंही दिल्लीला. मुंडे २००९ ला बीडमधून खासदार, विलासराव केंद्रात मंत्री. १४ ऑगस्ट २०१२ ला चेन्नईच्या रुग्णालयात विलासराव वारले. वय ६७.

विलासरावांकडे २०११ च्या जानेवारीपासून सहाएक महिने केंद्राचं ग्रामविकास खातं होतं. कृषी भवनातली ती खुर्ची मोदींच्या पहिल्या मंत्रिमंडळात मुंड्यांकडे आली. शपथविधी झाला २६ मे २०१४ ला. विलासरावांचा वाढदिवस. बाभळगावच्या सरपंचाला आणि नाथ्र्याच्या मुलाला तेच खातं मिळावं आणि दोघांनाही ते वापरायला सवड मिळू नये. ३ जूनच्या सकाळी विमानतळाकडे जाताना दिल्लीत मुंड्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात ते गेले. ते बीडला सत्काराच्या सभेला निघाले होते.

रेणापूर मतदारसंघ त्याआधीच नकाशावरून गेला होता. फेररचनेत परळीचा वेगळा झाला, लातूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन झाले, आणि रेणापूर लातूर ग्रामीणमध्ये आलं. बांध मोडला. २०१९ ला तिथून विलासरावांचे धाकटे चिरंजीव धीरज देशमुख लाखावर मताधिक्यानं निवडून आले. त्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता. तिथे 'नोटा' होता, २७ हजारांवर मतं घेऊन. साटंलोट्याची कुजबूज तेव्हाही झाली. २०२४ ला तीच जागा भाजपनं घेतली. जिंकलेले रमेश कराड मुंड्यांच्या तालमीतले.